घरातला डास आणि स्पॅनिशचा पाठ

नवी भाषा शिकवताना सुरुवात घरापासून करावी, ही कल्पना आज इतकी अंगवळणी पडली आहे की तिलाही काही इतिहास असेल, हे सहसा कुणाच्या मनात येत नाही. स्पॅनिशच्या प्राथमिक वर्गात विद्यार्थी खिडकी, पलंग, दिवा, पंखा हे शब्द गिरवतो आणि मग एखादा जाणता शिक्षक त्याच्यापुढे साधा प्रसंग ठेवतो: रात्र झाली आहे, खोलीत डास शिरला आहे, झोप येत नाही; आता बोला. विमानतळावरच्या किंवा हॉटेलातल्या ठरावीक संवादातून जेवढी भाषा निघते, त्याच्या कितीतरी पट या एका प्रसंगातून निघते, असे माझे मत आहे. पण हा प्रसंग वर्गात पोहोचण्याआधी दोन निरनिराळ्या वाटांना एकत्र यावे लागले. एक वाट भाषा शिकवणाऱ्यांची, दुसरी खुद्द डासाची. आपण पहिल्या वाटेने निघू. दुसरी मध्येच येऊन मिळेल.

पहिल्या वाटेचा उगम रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळात सापडतो. ग्रीक भाषकांना लॅटिन आणि लॅटिन भाषकांना ग्रीक शिकवण्यासाठी तेव्हा दोन स्तंभांची पुस्तके वापरली जात. अभ्यासक त्यांना ‘हर्मेनेउमाता’ या नावाने ओळखतात. त्यांतल्या संवादांत एक मुलगा सकाळी उठतो, नोकराकडून कपडे मागून घेतो, तोंड धुतो, शाळेत जातो. मोठी माणसे स्नानगृहात जातात, जेवायला बसतात, एकमेकांना टोमणे मारतात. व्याकरणाचा नियम कुठेही सांगितलेला नाही, केवळ दिवस सांगितला आहे. स्पॅनिशच्या वाट्याला असे पुस्तक यायला मात्र हजार वर्षांहून अधिक काळ जावा लागला. १४९२ साली सालामांका येथे आंतोनिओ दे नेब्रिखा याचे कॅस्टिलियन भाषेचे व्याकरण छापून निघाले. त्याचे पाचवे प्रकरण परभाषकांसाठी होते, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. राज्याचा विस्तार होईल, नवे लोक प्रजा होतील, त्यांना आपली भाषा शिकावी लागेल, असा हिशेब त्यामागे होता. पण नेब्रिखाच्या पानांवर घर नव्हते. होती ती विभक्ती आणि क्रियापदांची रूपे. या ग्रंथाचे पुनर्मुद्रणही अठराव्या शतकापर्यंत झाले नाही. प्रतिष्ठेचे पुस्तक आणि वापरातले पुस्तक यांत हे अंतर पुढेही अनेकदा दिसेल.

घर आणले ते व्हॅलेन्सियात जन्मलेल्या आणि ब्रूज शहरात आयुष्य काढलेल्या हुआन लुइस विवेसने, पण लॅटिनच्या धड्यात. १५३९ साली बासेलहून निघालेला त्याचा संवादसंग्रह राजपुत्र फिलिपला अर्पण केला होता. हाच पुढचा दुसरा फिलिप. झोपेतून उठणे, न्याहारी, शाळेची वाट, स्वयंपाकघर, शयनगृह अशा विषयांवर मुले आणि मोठी माणसे त्यात लॅटिनमध्ये गप्पा मारतात. पुढे दीर्घकाळ युरोपभरच्या शाळांत हे पुस्तक चालले. याच सुमारास अँटवर्पमध्ये नोएल दे बेर्लेमाँ नावाचा एक शाळामास्तर फ्रेंच आणि फ्लेमिश शिकवण्यासाठी संवादांची छोटी वही वापरत होता. व्यापाऱ्यांना ती इतकी उपयोगी पडली की त्याच्या पश्चात तिच्यात एकेक भाषा वाढत गेली. १५५१ मध्ये लूव्हाँच्या आवृत्तीत स्पॅनिशचा स्तंभ आला आणि पुढे सहा, सात, आठ भाषांची ही पुस्तिका खिशात घेऊन माणसे बाजारपेठा फिरू लागली. जेवणाचे ताट, उधारीचा तगादा, सरायीतला बिछाना हे तिचे विषय. विद्वानांनी तिची दखल घेतली नाही, पण स्पॅनिश बोलायला शिकलेल्या कितीतरी व्यापाऱ्यांनी ती नेब्रिखाच्या आधी हाताळली असणार.

इंग्लंडचे स्पेनशी वैर शिगेला पोहोचले असताना लंडनमध्ये स्पॅनिश शिकण्याची हौसही शिगेला पोहोचली, हा इतिहासाचा नेहमीचा खोडकरपणा. आर्माडाच्या स्वारीनंतर तीनच वर्षांनी, १५९१ मध्ये, विल्यम स्टेप्नीने आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात संवाद लिहिले. १५९९ मध्ये जॉन मिन्श्यूने आपल्या शब्दकोशासोबत सात संवाद छापले. त्यांतला पहिला सकाळी अंथरुणातून उठण्याचा आहे: दोन पेद्रो नावाचा हिदाल्गो, त्याचा नोकर आलोन्सो, एक मित्र आणि घर सांभाळणारी बाई. मालक नोकरावर ओरडतो, नोकर उलट उत्तर देतो, कपड्यांची शोधाशोध होते. या संवादांचे नशीब पाहण्यासारखे आहे. १६०८ मध्ये सेझार उदँ याने ते पॅरिसमध्ये फ्रेंच भाषांतरासह छापले. हाच उदँ पुढे १६१४ मध्ये ‘दोन किखोते’चा पहिला भाग फ्रेंचमध्ये आणणार होता. १६२६ मध्ये व्हेनिसला फ्रांचोझिनीने त्यांना इटालियन जोड दिली. लंडनमधल्या दोन पेद्रोला अशा रीतीने तीन देशांतले विद्यार्थी रोज सकाळी उठवत राहिले. मात्र या सगळ्या शयनगृहांत हुकूम देणारा मालक आणि ऐकणारा नोकर ही रचना पक्की होती. घरगुती स्पॅनिशचा आज्ञार्थ प्रथम शिकवला गेला तो नोकराला दटावण्यासाठी.

आता आपण समुद्र ओलांडू, कारण मला अधिक रस आहे तो दोन विसरलेल्या पुस्तकांत. १६१० साली फिलिपाइन्समधल्या बाताआन प्रांतात तोमास पिनपिन या तागालोग मुद्रकाने आपल्या देशबांधवांसाठी कॅस्टिलियन शिकण्याचे पुस्तक लिहिले आणि तेही तागालोग भाषेत. त्याच छापखान्यातून त्याच वर्षी एका स्पॅनिश धर्मगुरूचे तागालोगचे व्याकरण बाहेर पडले होते आणि तेही पिनपिननेच छापले होते. म्हणजे राज्यकर्त्यांना प्रजेची भाषा शिकवणारे पुस्तक जुळवता जुळवता या माणसाने प्रजेला राज्यकर्त्यांची भाषा शिकवण्याचा घाट घातला. शब्द लक्षात राहावेत म्हणून त्याने दोन्ही भाषा मिसळलेली गाणीही दिली. पुढच्याच वर्षी, १६११ मध्ये, मेक्सिको शहरात पेद्रो दे आरेनास याने कॅस्टिलियन आणि नाहुआत्ल भाषांची एक हातपुस्तिका काढली. आरेनास ना पाद्री होता, ना व्याकरणकार. त्याच्या पुस्तकात प्रकरणे आहेत ती प्रसंगांची: कुणी भेटले तर काय म्हणावे, बाजारात खाण्याचे जिन्नस कसे मागावेत, कामाला लावलेल्या माणसाला काय सांगावे, वाट चुकल्यास काय विचारावे. अडीचशे वर्षे ही पुस्तिका पुन्हा पुन्हा छापली गेली आणि १८६२ मध्ये पॅरिसमध्ये तिला फ्रेंच स्तंभही मिळाला. मराठीलाही असा अनुभव चुकला नाही: विल्यम केरीने १८०५ साली श्रीरामपूरहून मराठीचे व्याकरण छापले, तेव्हा त्याच्या शेवटी नित्याच्या विषयांवरचे संवाद जोडले होते. परक्याच्या घरात शिरण्यासाठी राज्यकर्त्यांनी सगळीकडे हेच दार शोधलेले दिसते.

मेक्सिकोतच आपल्याला दुसरी वाट भेटते. आलोन्सो दे मोलिना हा फ्रान्सिस्कन लहानपणापासून नाहुआत्ल बोलणाऱ्या मुलांबरोबर वाढला. त्याच्या १५७१ च्या मोठ्या कोशात ‘मोयोत्ल’ या शब्दासमोर लांब पायांचा मोस्कितो असा अर्थ दिला आहे. अस्तेकांच्या तेनोच्तित्लान राजधानीच्या चार पेठांपैकी एकीचे नावच मोयोत्लान, म्हणजे डासांची जागा. सरोवरात वसलेल्या शहराला ते शोभतेच. मोलिनाचा ‘मोयोत्ल’ आजही मेक्सिकोच्या काही भागांत ‘मोयोते’ होऊन घरात बोलला जातो, आणि लांब पायांचे वर्णन करणारा ‘सान्कुदो’ हा शब्द लॅटिन अमेरिकेच्या बऱ्याच भागात ‘मोस्कितो’ला बाजूला सारून बसला आहे. परंतु इथे जरा थांबले पाहिजे. मोलिनाने नोंदवलेला डास हा सरोवरकाठचा डास होता. आज ज्याला आपण घरातला डास म्हणून घाबरतो, तो एडीस इजिप्ती, अमेरिकेत पोहोचला तो आफ्रिकेतून गुलामांना वाहून नेणाऱ्या जहाजांतून, पिण्याच्या पाण्याच्या पिंपांत अंडी घालत. १६४८ साली युकातानमध्ये आणि १६४९ मध्ये हवानात पीतज्वराची साथ उसळली, ती या पाहुण्यामुळे. त्याला दलदल लागत नाही. माणसाने साठवलेले स्वच्छ पाणी लागते. अंगणातली मातीची तिनाहा, घराखालची हौदटाकी, फुलदाणी: वसाहतीतल्या स्पॅनिश घराने त्याला हवे ते सगळे पुरवले. १८२१ मध्ये बार्सेलोनात पीतज्वराने हजारो माणसे दगावली तेव्हाही कुणाला जहाजातल्या पिंपाचा संशय आला नाही.

एकोणिसाव्या शतकात भाषा शिकवणे हा मोठा धंदा झाला आणि घर पुन्हा पुस्तकातून हद्दपार झाले. ओलेनडॉर्फच्या पद्धतीत विद्यार्थी सुताराची टोपी आणि शेजाऱ्याचा कुत्रा यांच्याबद्दल प्रश्नोत्तरे करत व्याकरण पाठ करी. ती वाक्ये जगात कुणी कुणाला म्हटलेली नसत. या कंटाळ्यातून दोन बंडखोर निघाले. मॅक्सिमिलियन बर्लिट्झने १८७८ मध्ये अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स गावी शाळा उघडली आणि विद्यार्थ्यांच्या भाषेचा एकही शब्द न वापरता शिकवायची प्रथा पाडली. दुसऱ्याची, फ्रान्स्वा गुआँची, कहाणी जास्त गमतीची आहे. लॅटिन शिकवणारा हा फ्रेंच गृहस्थ जर्मन शिकायला हँबर्गला गेला, व्याकरण घोकले, धातू घोकले, शेवटी तीस हजार शब्दांचा कोश घोकला आणि तरीही त्याला व्याख्यानातले काही कळेना. हताश होऊन घरी परतला, तो त्याचा तीन वर्षांचा भाचा भरभरून बोलू लागलेला. पोराला पिठाची गिरणी दाखवून आणल्यावर त्याने घरी स्वतःची गिरणी मांडली आणि धान्य ओतणे, दळणे, पीठ वाहून नेणे एकामागून एक करत ते सगळे मोठ्याने सांगत सुटला. गुआँने त्यावरून निष्कर्ष काढला: भाषा क्रियापदांच्या ओळीने शिकली जाते, एका कृतीचे शेपूट धरून दुसरी येते. मी दाराकडे जातो, मी दार उघडतो, मी बाहेर पाहतो. त्याचे पुस्तक १८८० साली पॅरिसमध्ये निघाले.

नेमके त्याच्या पुढच्या वर्षी, १४ ऑगस्ट १८८१ रोजी, हवानाच्या विज्ञान अकादमीत डॉ. कार्लोस हुआन फिन्ले यांनी आपला निबंध वाचला. पीतज्वर एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेणारा मोस्कितो असावा आणि तो कोणत्या जातीचा, हे त्यांनी सांगितले. श्रोत्यांनी निबंध शांतपणे ऐकून घेतला आणि बाजूला ठेवला. पुढची वीस वर्षे फिन्ले थट्टेचा विषय राहिले. १८९७ मध्ये सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांनी हिवतापाचा परोपजीवी डासाच्या पोटात पाहिला, त्यानंतर डासाकडे बघण्याची नजर पालटू लागली. १९०० मध्ये अमेरिकी सैन्याचे वॉल्टर रीड मंडळ हवानात आले, तेव्हा फिन्ले यांनी त्यांना आपण सांभाळलेली डासांची अंडी दिली. जेसी लाझेअर हा डॉक्टर त्या प्रयोगांच्या काळात पीतज्वरानेच गेला आणि फिन्ले खरे ठरले. गुआँ आणि फिन्ले यांनी एकमेकांचे नाव ऐकले असेल असे मानायला जागा नाही. पण एकाने सांगितले की भाषा घरातल्या कृतींच्या साखळीतून येते आणि दुसऱ्याने दाखवले की मृत्यू घरातल्या पाण्याच्या भांड्यातून येतो. या दोन विधानांची गाठ पडायला आणखी साठ-सत्तर वर्षे जायची होती.

कारण फिन्ले यांचा विजय झाल्यापासून स्पॅनिश बोलणाऱ्या सरकारांना एक अजब काम लागले: प्रत्येक घराशी, प्रत्येक अंगणाशी बोलण्याचे. १९०१ मध्ये विल्यम गॉर्गस यांच्या पथकांनी हवाना शहर घरोघर तपासले, पाण्याची भांडी झाकायला लावली, साचलेल्या पाण्यावर रॉकेल ओतले. वर्ष संपण्यापूर्वी शहरातून पीतज्वर नाहीसा झाला. पण डास संपला नाही. १९८१ मध्ये क्युबात डेंग्यूची भयंकर साथ आली, ३,४४,२०३ रुग्ण नोंदवले गेले आणि १५८ माणसे मेली. तेव्हापासून तिथल्या घरांना तपासनीसाची सवय झाली आहे. मेक्सिकोच्या आरोग्य खात्याने तर सगळी मोहीम चार क्रियापदांत बसवली: लावा, तापा, वोल्तेआ इ तिरा. धू, झाक, उपडे कर आणि फेकून दे. दोन पेद्रोच्या आज्ञार्थाशी याची तुलना करून पाहण्यासारखी आहे. व्याकरण तेच आहे, एकेरी संबोधनही तेच आहे. पण बोलणारा आता मालक राहिलेला नाही आणि ऐकणारा नोकर नाही. भिंतीवरचा फलक घरातल्या कर्त्या माणसालाच कामाला लावतो.

दरम्यान वर्गातही आज्ञार्थाचे दिवस पालटत होते. पहिल्या महायुद्धात अमेरिकेतल्या शाळांनी जर्मन टाकली आणि ती जागा मोठ्या प्रमाणावर स्पॅनिशने घेतली. १९१७ मध्ये तिथे स्पॅनिश शिक्षकांची संघटनाही उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धाने सैनिकांसाठी घोकंपट्टीचे यंत्रच बनवले, ध्वनिफितींच्या प्रयोगशाळा आल्या, आणि विद्यार्थी पोपटासारखे निर्दोष वाक्ये बोलू लागले. त्याला कंटाळून कॅलिफोर्नियातल्या जेम्स ॲशर यांनी १९६० च्या दशकात एक जुनीच गोष्ट नव्याने मांडली: विद्यार्थ्याला आधी बोलायला लावू नका, हुकूम ऐकवा आणि अंगाने करायला लावा. ऊठ, खिडकीपाशी जा, ती बंद कर. गुआँच्या भाच्याची गिरणीच ही. फरक इतकाच की भाचा स्वतः बोलत होता, ॲशरचा विद्यार्थी ऐकतो. त्याच राज्यात स्पॅनिश शिकवणाऱ्या ट्रेसी टेरेल यांनी १९७७ पासून आणखी एक पाऊल टाकले: विषय विद्यार्थ्याच्या रोजच्या जगण्यातला हवा, चुका दुरुस्त करत बसू नका, अर्थ कळू द्या. स्टीफन क्रॅशन यांच्यासह त्यांनी १९८३ मध्ये ही भूमिका ग्रंथरूपाने मांडली.

इथे दोन्ही वाटा मिळतात. हुकुमांनी सुरू होणारा धडा आणि घरातल्या छोट्या संकटावरचा धडा एकत्र करायचा तर डासासारखा विषय शोधूनही सापडणार नाही. त्यात सगळे व्याकरण पायरीपायरीने येते आणि ओढूनताणून आणावे लागत नाही. ‘आय उन मोस्कितो एन एल क्वार्तो’, खोलीत एक डास आहे: पहिल्या आठवड्याचे वाक्य. ‘सिएर्रा ला वेन्ताना’, खिडकी लाव: आज्ञार्थ. सकाळी उठून तक्रार केली की भूतकाळ हजर होतो. मेक्सिकोचा माणूस ‘मे पिको’ म्हणेल, माद्रिदचा बहुधा ‘मे आ पिकादो’. आणि ज्या रूपाच्या धसक्याने विद्यार्थी वर्ग सोडतात, ते इच्छा आणि हेतू दाखवणारे रूपही इथे आपसूक येते: ‘पारा के नो एन्त्रेन’, आत येऊ नयेत म्हणून. मराठी माणसाला तर एक सवलत आहे. ‘मे पिकान’ या रचनेत ‘मला’ क्रियापदाच्या आधी येते, हे इंग्रजीतून स्पॅनिशकडे येणाऱ्याला समजावून द्यावे लागते. ‘मला डास चावतात’, ‘मला आंबा आवडतो’ म्हणणाऱ्याला ते घरचेच वाटते. त्यासाठी अर्धा तास खर्च करणाऱ्या शिक्षकाने तो वेळ उच्चारावर घालवावा.

संवाद कोणत्या देशातल्या घरात घडतो आहे, हे मात्र आता टाळता येत नाही. बराच काळ पाठ्यपुस्तकातले घर म्हणजे माद्रिदचे घर असे आणि तिथे डास ही उन्हाळ्यापुरती कटकट होती. २००४ मध्ये बार्सेलोनाजवळच्या सान कुगात गावात पट्टेरी ‘मोस्कितो तिग्रे’, म्हणजे एडीस आल्बोपिक्तुस, प्रथम सापडला आणि नंतर भूमध्य समुद्राच्या किनाऱ्याने पसरला. तेव्हापासून तिथल्या घरातही कुंड्यांखालच्या बशा रिकाम्या करण्याची बोलणी सुरू झाली. २०१४ पासून तर नागरिक डासाचे छायाचित्र मोबाइलवरून शास्त्रज्ञांकडे पाठवू शकतात. म्हणजे वसाहतीत तीन-चार शतके मुरलेले संभाषण आता मायदेशात पोहोचले आहे, नेब्रिखाच्या हिशेबाच्या अगदी उलट दिशेने.

पुण्या-मुंबईत स्पॅनिश शिकणाऱ्यांपैकी अनेकांना पुढे कामानिमित्त बोलावे लागते ते मेक्सिकोशी किंवा कोलंबियाशी. बार्सेलोनाच्या पुस्तकातून ‘मोस्कितो’ शिकलेल्याला पलीकडून ‘सान्कुदो’ ऐकू आला की तो गोंधळतो, आणि कोलंबियातल्या काही भागांत नवरा-बायकोही एकमेकांना ‘उस्तेद’ म्हणतात हे कळल्यावर त्याचा आज्ञार्थच बदलतो: ‘सिएर्रा’चे ‘सिएर्रे’ होते. म्हणून शिक्षकाने दोन्ही शब्द आणि दोन्ही आज्ञार्थ पहिल्याच दिवशी द्यावेत. संवादातले कुटुंब कोलंबियाचे करायचेच असेल आणि त्यात डेंग्यूची भीती आणायची असेल, तर त्यांना बोगोतात राहायला ठेवू नये. ते शहर सुमारे २,६०० मीटर उंचीवर आहे आणि एवढ्या उंचीवर एडीस इजिप्ती टिकत नाही. काली किंवा बारांकिया निवडावे.